डाव्या हाताची कणीक

रवि., ४ जानेवारी

आज कणीक मनासारखी बसली. पखवाजाच्या डाव्या पुडीच्या चामड्यावर थापली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि पहिलीच थाप अशी घुमली की देवळातल्या सतरंजीवर बसलेल्या आमच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. बुवा डोळे मिटून "हां" म्हणाले. बुवा विठ्ठलवाडीहून दर रविवारी शिकवायला येतात. दोन वर्षांत त्यांच्याकडून मिळालेलं हे तिसरं किंवा चौथं "हां" असेल.

मग आमच्यात पुढे गाणाऱ्या कुंदाताईंनी बातमी फोडली. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत आमच्या भजनी मंडळाला अर्धा तास मिळालाय. अट एकच, सगळ्या बायका हव्यात, वाजवणारीसुद्धा. आजवर पखवाजाला पुरुष मंडळातून कोणीतरी उसना आणायचो. तो आपल्याच घाईत वाजवायचा आणि आम्ही त्याच्यामागून गात धावायचो. आता मी. मी नसले तर वेळ दुसऱ्या मंडळाला जाणार.

घरी येईपर्यंत रिक्षात मांडीवर ठेका धरला होता. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. पाहू दे.

डाव्या मधल्या बोटाची नखाजवळची कातडी लाल दिसते आहे. नोंद करून ठेवते.

बुध., ७ जानेवारी

लाली वाढली. दाबलं की ठणकतं. उपाशीपोटी शुगर १६८. दोन्हींचा संबंध असणारच.

कारण शोधायला हवं. संशयित क्र. १: लॅबमधले रबरी हातमोजे. दिवसभर आत घाम, संध्याकाळी बोटं भिजलेल्या शेंगदाण्यासारखी. क्र. २: घरची भांडी. क्र. ३: शुगर तपासायची सुई. हे आज लक्षात आलं. सहा वर्षं मी बहुतेक याच बोटाला टोचते आहे, कारण उजवा हात कामात असतो. बोट बदलायचं आणि टोकाला न टोचता कडेला टोचायचं, हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मला. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात इतरांच्या नमुन्यांवर तारीख-वेळ नसेल तर मी परत पाठवते. स्वतःच्या बोटाचा हिशेब नाही.

शनि., १० जानेवारी

बी.एस्सी. केमिस्ट्री, बोटाला लिंबू.

नखुरडं झालंय हे सासूबाईंनी लांबूनच ओळखलं. लिंबाला भोक पाडलं, हळद भरली आणि टोपीसारखं बोटावर चढवलं. "रात्रभर राहू दे, सकाळी बघ कसं बसतंय." मी नको म्हटलं नाही. का? एक, त्या इतक्या प्रेमाने बसल्या होत्या. दोन, लहानपणी आईने असंच केलं होतं आणि बरं वाटलं होतं. तेव्हा मला शुगर नव्हती हे कळत होतं, तरीही.

नवऱ्याने, प्रकाशने, फोटो काढून मुलाला पुण्याला पाठवला. मुलाचं उत्तर: "आईला नजर लागली का बोटाला?" सगळे पोट धरून हसलो. सासूबाई सोडून.

सोम., १२ जानेवारी

लिंबाखाली बोट भिजून पांढरं पडलं आणि नखाच्या कडेला पू दिसायला लागला. डॉक्टरीणबाईंकडे. हळद बघून त्यांनी विचारलं, "लिंबू का?" मी मान हलवली. "आठवड्यातलं दुसरं," म्हणाल्या. शुगर असताना बोट असं ओलं कोंडून ठेवायचं नाही, आणि असं काही दिसलं की चार दिवस वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. मग कातडी जरा उचलून पू काढला.

त्यानंतर विचारलं, "फार दुखलं का?"

नाही, म्हटलं. मला तो माझा धीटपणा वाटला. त्यांना वाटला नाही. "दुखायला हवं होतं थोडं. टोकाची जाणीव कमी झालीय का, बघावं लागेल. शुगर खाली आणा, मग बघू."

गोळ्या सात दिवस. बोट कोरडं. हाताने काय काय करता, असं विचारलं तेव्हा भांडी सांगितली, लॅब सांगितली. पखवाज सांगितला नाही. विसरले म्हणावं तर तसं नाही. बंद करा म्हणतील याची भीती. बाहेर पडल्यावर औषधाच्या दुकानात उभी राहून स्वतःचाच राग आला, पण परत आत गेले नाही.

रस्त्याने अंगठ्याने एकेका बोटाचं टोक दाबत आले. कळतंय. कळतंय. मधल्याचं... कळतंय बहुतेक.

बुध., १४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचे लाडू दोन. लिहून ठेवते म्हणजे नंतर एक होता असं म्हणता येणार नाही.

कुंदाताई वाण घेऊन घरी आल्या. बोट पाहिलं. जत्रेचा विषय मीच काढला. जमलं नाही तर तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी बघून ठेवा, असं म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, "कोनाला बघू गो? आमच्यात पखवाज उचलनारी तूच. नाय झाला तर नाय. टाल्या वाजवू न गाऊ घरात बसून." मग जाताना जिन्यावरून वर ओरडल्या, "पन झाला पायजे बरं का!"

रवि., १८ जानेवारी

सापडलं.

वाजवायचं नव्हतं, नुसती बसायला गेले होते. बुवा स्वतः वाजवत होते. संपल्यावर ते नेहमीप्रमाणे पुडीवरची वाळलेली कणीक काढायला बसले. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाने, कडेकडेने, खरवडून. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले आणि माझं बोट ठणकायला लागलं.

दर वेळी मी हेच करते. त्यांनीच शिकवलं. सुरी लावायची नाही, चमचा लावायचा नाही, चामड्याला चरा जातो; कणीक ज्या हाताने लावायची त्याच हाताच्या नखाने काढायची. वाळलेल्या कणकेचे कण नख आणि कातडीच्या मधे घुसतात. ते काढायला मी घरी येऊन आकड्याची पिन घालते. पिनेने कातडी मागे सरते, मग उरलेली टोकं मी नेलकटरने कापते. वर ओल्या पिठाचा चिकटा. रोगाला याहून चांगलं घर कोण बांधून देणार? लॅबच्या मोज्यांवर उगाच आळ घेतला. (पूर्ण निर्दोष नाहीत तेही.)

बुवांना सांगितलं. त्यांनी स्वतःची नखं दाखवली, कासवाच्या पाठीसारखी. "चाळीस वर्षं खरवडतोय. काय झालं?" मी म्हटलं, बुवा, तुम्हाला शुगर नाही. तर म्हणाले, "ती व्हायला वेळ कुठे मिळाला." मग मी भीतभीत विचारलं, तबल्यावर असते तशी कायमची काळी शाई लावून घेतली तर? कणकेची भानगडच नको. बुवांनी पखवाजाला गवसणी घातली, दोरी बांधली, चप्पल शोधली, आणि दारातून म्हणाले, "मग माणूसही रेकॉर्डवरचाच लावा की."

रागावले का? पुढच्या रविवारी येतात की नाही.

मंगळ., २० जानेवारी

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पखवाज, कणीक, पिन, नेलकटर. आणि गेल्या वेळी सांगितलं नाही हेही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कणीक? पोळीची?" हो. "कशाला?" मी टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं, कणकेशिवाय डावं कसं कोरडं बोलतं आणि कणकेने कसं घुमतं, ते तोंडाने. बाहेरच्या पेशंटने दार उघडून आत डोकावलं.

बंद करा, असं म्हणाल्या नाहीत. मी दोनदा विचारून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं. बोट पूर्ण कोरडं होईपर्यंत थाप नाही. कणकेला माझी बोटं लागायची नाहीत, लावतानाही नाही, काढतानाही नाही. नखाभोवतीची कातडी कापायची नाही, मागे ढकलायची नाही. ती तिथे पहारा द्यायला असते. नख सरळ कापायचं, कोपऱ्यात खोल जायचं नाही, धार कानशीने एकाच दिशेने घासायची. धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांपर्यंत टिपायचं आणि मग कातडीला थोडं तेल. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे, ओले झाले की बदलायचे. आणि शुगर. "बाकी सगळं करून शुगर तशीच राहिली तर काही उपयोग नाही."

जत्रेचं विचारलं. त्याआधीच्या बुधवारी बोट बघून सांगेन म्हणाल्या.

शुक्र., २३ जानेवारी

कणीक कोण लावणार? प्रकाश म्हणाला, मी. लग्नाला बावीस वर्षं झाली, परातीला याचा हात लागलेला नाही.

पहिला गोळा सैल. पुडीवरून सरकत सरकत त्याच्या पायजम्यावर. दुसरा इतका घट्ट की त्यानेच थाप मारल्यावर सबंधच उडाला. सासूबाई पलंगावरून सूचना देत होत्या: पाणी कमी, मळ अजून, तळहाताने, बोटांनी नाही रे. मग म्हणाल्या, "एवढं मळतोयस तर दोन पोळ्यांचं जास्त मळ." त्याने मळलं. रात्री त्याच कणकेच्या पोळ्या खाल्ल्या. बऱ्या होत्या. एक जास्त खाल्ली आणि मग जेवणानंतर खरवई गावाच्या टोकापर्यंत चालून आलो, दोघं.

काढायला काय वापरावं हा प्रश्न उरला. ओलं फडकं ठेवून पाहिलं, निघते, पण पुडी सैल पडते. शेवटी त्याच्या पाकिटातलं कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाचं प्लास्टिकचं कार्ड. आडवं धरून हलकेच. चरा नाही. भिंग लावून पाहिलं, एकही नाही.

रवि., २५ जानेवारी

बुवा आले. मी त्यांच्या आधी पोचले होते, उगाच धाकधूक. काही झालंच नाही असं ते बसले. प्रकाशला कार्ड घेऊन कणीक काढताना बघितलं. मग पुडीवर स्वतःचा अंगठा फिरवत राहिले, बराच वेळ. "माणूस बरा आहे," म्हणाले. कणकेबद्दल की कार्डाबद्दल की नवऱ्याबद्दल, विचारलं नाही.

मंगळ., २७ जानेवारी

लॅबमधली जया उल्हासनगरची, सिंधी. तिच्या मम्मीला शुगर आहे. सुती मोजे मिळत नाहीत म्हटलं होतं तिच्याकडे. आज पिशवीभर घेऊन आली. पांढरेशुभ्र, मनगटाला सोनेरी पट्टी. "माधवी, देख, ये बँडवालों के हैं. हमारे उधर जो वर्दी सीता है ना, उसका माल. एकदम प्युअर कॉटन." पैसे घेईना. जत्रेला येऊन पुढे बसायला जागा ठेव, म्हणाली.

दिवसभर रबरी मोज्याच्या आतून सोनेरी पट्टी बाहेर येत होती. सुपरवायझर विचारत होते, वरात कधी निघणार. संध्याकाळी बोटं कोरडी. सहा वर्षांत पहिल्यांदा घरी आल्या आल्या हात कोरडे.

शनि., ३१ जानेवारी

बोट सुकलं. शुगर १२४. आज दहा मिनिटं वाजवलं.

काय लिहू. इतके दिवस न वाजवल्याने हात जड असेल असं वाटलं होतं. पहिली थाप पडली आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाई हात पुसत दारात आल्या आणि उभ्याच राहिल्या. आनंद झाला, खूप, आणि तो लिहून ठेवताना जरा लाज वाटते, का कोण जाणे.

एक नोंद. मधल्या बोटाच्या टोकाला पुडी नीट लागत नाही. आवाज बरोबर येतो म्हणजे थाप बरोबर पडत असणार, पण ते मला कानाने कळतं, बोटाने नाही. आधीही असंच होतं का? आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. हे कोणाला सांगितलेलं नाही. सोमवारी डॉक्टरीणबाईंना फोन करते. लपवायचं नाही असं ठरलंय.

गुरु., ५ फेब्रुवारी

नखं कापण्यावरून घरात बैठक. डॉक्टरीणबाई म्हणतात अंघोळीनंतर, नख मऊ असताना कापा. सकाळी मला वेळ नाही. संध्याकाळी घरी येऊन अंघोळ करते तेव्हा दिवा लागलेला असतो, आणि दिवेलागणीनंतर आमच्याकडे नख कापत नाहीत. शनिवारी नाही. मंगळवारी नाही. बुधवारी सासूबाईंचा उपास, त्या दिवशी का नाही ते त्यांनाही नक्की माहीत नाही.

मी वाद घालणार होते. मग वाटलं, त्यांनी लिंबाचा आग्रह एका शब्दात सोडला, मी एवढं करू शकत नाही? तडजोड: रविवारी दुपारी, न्हाल्यावर, बाल्कनीत. त्या समोर बसणार. "खोल नको गं, सरळ काप. डॉक्टर सरळ म्हणाल्यात ना." म्हणजे पाठ झालंय त्यांना.

बुध., ११ फेब्रुवारी

नख मुळापाशी उचललं गेलंय. डॉक्टरीणबाईंनी प्रकाशात धरून पाहिलं. हे नख पडणार, आज ना उद्या, खालून नवं येतंय. ओढायचं नाही, अडकू द्यायचं नाही. बधिरपणाबद्दल: शुगर अशीच राहिली तर सुधारू शकतं, आत्ता खात्री देत नाही. त्या खात्री देत नाहीत म्हणूनच त्यांचं बाकीचं मला खरं वाटतं.

वाजवू का?

"अर्धा तास. बोटाला पट्टी. उतरल्यावर लगेच धुवायचं, टिपायचं, बघायचं. दुखत नाही म्हणून ठीक आहे असं धरायचं नाही. दुखलं तर तुम्हाला कळेलच असं नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं."

जिना उतरताना कुंदाताईंना फोन केला. त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचा रसवंतीवाला माझ्याकडे बघायला लागला. त्याच्याकडे बघून मी हसले आणि रस न घेता निघाले.

सोम., १६ फेब्रुवारी

रजा. कालचं लिहून काढते, नाहीतर उद्यापर्यंत मी त्यात भर घालीन.

मांडव गच्च. आमची पाळी आली. आम्ही सगळ्या हिरव्या साड्यांत वर गेलो, आणि मागून प्रकाश, पिठाचा डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. संयोजकांनी त्याला पायरीवरच अडवलं. महिला मंडळ आहे, पुरुष चालणार नाही. मी समजावायला लागले: शुगर, बोट, डॉक्टर. माझ्या तोंडचं वाक्य अर्धं राहिलं, कारण कुंदाताईंनी माईक हातात घेतला होता.

"दादा, त्यो वाजवनारा नाय. त्यो कनकीवाला हाय. घरात आमी मलतो, हितं त्यो मलंल."

अख्ख्या मांडवात हशा. बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. संयोजक स्वतः हसत बाजूला झाले. प्रकाश लाल. पण बसला मांडी घालून माझ्या डाव्या बाजूला, आणि मळलेला गोळा काढून असा बेताने थापला की बुवांनी खालून हात वर केला.

सुरुवातीला मी घाबरत होते. मग कुंदाताईंचा आवाज लागला आणि बोटाचा विचार गेला. कधी गेला ते सांगता येत नाही, हीच गोष्ट मला आज सकाळपासून पुरून उरते आहे. दिव्यांच्या उष्णतेने मधेच कणीक वाळली, डावं कोरडं बोलायला लागलं. मी उजव्याने ठेका धरून ठेवला, कुंदाताईंनी तीच ओळ घोळवली, प्रकाशने पुढे सरकून पाण्याचा हात फिरवला आणि परत घुमलं. त्याला टाळ्या मिळाल्या. मला नाही, त्याला. जया पुढच्या रांगेत उभी राहून शिट्टी वाजवत होती.

उतरल्यावर बाटलीतल्या पाण्याने धुतलं, टिपलं, पट्टी काढून पाहिलं. रक्त नाही. नख जागेवर. प्रकाशनेही पाहिलं. मग त्याने मोबाईलच्या उजेडात परत पाहिलं.

अर्धा तास की थोडं जास्त? थोडं जास्त झालं. घड्याळाकडे बघायला हवं होतं.

शुक्र., २७ फेब्रुवारी

सकाळी कामावर हातातला सुती मोजा काढला आणि नख मोज्यातच राहिलं. दुखलं नाही. (डोळ्यांनी पाहिलं. सूज नाही, पाणी नाही.) खाली नवं नख, पातळ, लहान मुलाच्या नखासारखं गुलाबी, तिसऱ्या भागापर्यंत आलेलं. लॅबमध्ये दिवसभर कोणालातरी दाखवावंसं वाटत होतं. जयाला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, क्यूट है."

डॉक्टरीणबाई: पूर्ण यायला काही महिने. तोपर्यंत जपून. शुगरची तीन महिन्यांची सरासरी एप्रिलमध्ये.

रवि., १ मार्च

जांभूळ गावच्या सप्ताहाचं बोलावणं आलंय. सात दिवस, रोज संध्याकाळी एक तास. तिथे पुरुष चालतात, त्यामुळे मी एकदोन दिवस वाजवून बाकीचे बुवांनी वाजवले तरी चालेल, असं बुवा आपणहून म्हणाले. समंजस तोडगा आहे. मी कुणालाही हाच दिला असता.

मला सातही हवेत. हे इथेच लिहिते. एक दिवसाआड बोटाला विश्रांती मिळायला हवी, डॉक्टरीणबाई तेच म्हणतील, आणि मलाही ते पटतं. तरी सात. हा हावरेपणा म्हणायचा का? वाजवताना बोट विसरले तो आनंद होता, आणि नेमकं तेच विसरायचं नाहीये मला. दोन्ही एकदम कसं करायचं ते अजून कळलेलं नाही. पहिलं उत्तर डॉक्टरीणबाईंचं घ्यायचं, एवढं ठरवलंय. त्या उद्या भेटतील.

दुपारी बाल्कनीत नखं कापत असताना कुंदाताईंचा फोन. सासूबाईंनी माझ्या कानाशी धरला.

"कती दिवस सांगू गो तुझे त्यांना?"

"उद्या सांगते, ताई."

"उद्या म्हंजे सातच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परत फोन करून सांगायला हवं होतं की तसं नाही, अजून ठरलेलं नाही. संध्याकाळ झाली. केलेला नाही. प्रकाश आत कणीक मळतोय.